विमान की जहाज? छोट्या खाद्य निर्यातदारासाठी कार्बनचा हिशेब

परदेशी ऑर्डर हाती आली की माल विमानाने पाठवायचा की जहाजाने, हे आपण सहसा भाडे आणि मुदत पाहून ठरवतो. आयातदार कार्बन उत्सर्जनाचा आकडा मागत असेल, तर मात्र या दोन पर्यायांकडे नव्याने पाहावे लागते.

एक टन माल एक किलोमीटर नेण्यासाठी विमानातून साधारण अर्धा ते एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर कंटेनर जहाजातून १० ते २० ग्रॅम. म्हणजे ५०० किलोंची खेप विमानाने ८,००० किलोमीटर गेली, तर २ ते ४ टन उत्सर्जन झाले. तीच खेप समुद्रमार्गे वळसा घेत १२,००० किलोमीटर गेली, तरी आकडा ६० ते १२० किलोंच्या पुढे जात नाही. नमुने पाठवण्यापुरते किंवा खरोखरच आठवडाभरात नासणाऱ्या मालासाठी विमान समजण्यासारखे आहे. पण पुष्कळदा टिकाऊ मालही केवळ उत्पादनाचे वेळापत्रक कोलमडल्यामुळे विमानात चढतो, आणि त्याचा दोष मालाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

जहाज निवडायचे, तर बंदरातला मुक्काम आणि सीमाशुल्क तपासणी धरूनही विक्रीसाठी पुरेशी मुदत उरेल इतका माल टिकायला हवा. गोठवलेल्या मालाला रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेला कंटेनर लागतो. त्याला वाटभर वीज पुरवावी लागते, शिवाय गळणारा आर-१३४ए सारखा शीतवायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक तापमानवाढ करतो. सुकवलेला किंवा निर्जंतुक करून हवाबंद केलेला माल साध्या कंटेनरमधून जातो, मात्र सुकवण्याचे इंधन आपल्याच खात्यावर पडते, तेव्हा ही तुलना भट्टीत काय जळते ते पाहिल्याशिवाय पुरी होत नाही.

वेष्टनाचा निर्णयही मार्गावर अवलंबून आहे. ४०० ग्रॅम मालाची काचेची बरणी २०० ग्रॅमची असेल, तर विमानाने आपण एक तृतीयांश वजन काचेचेच पाठवतो. जहाजात हे ओझे किरकोळ ठरते, पण काच वितळवायला सुमारे १,५०० अंश सेल्सिअस तापमान लागते, म्हणून तिथेही पाऊच सहसा सरस ठरते; अनेक थरांच्या पाऊचचा पुनर्वापर मात्र अवघड असतो.

समुद्रमार्गे जाणाऱ्या बहुतेक खाद्यपदार्थांत वाहतुकीपेक्षा शेती आणि प्रक्रियेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे जहाज निवडणाऱ्याने पुढची मेहनत कच्चा माल आणि बॉयलरवर घ्यावी. विमान निवडणाऱ्याने तिथे केलेली उत्सर्जनाची बचत एका उड्डाणात वाहून जाऊ शकते.

कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे कमी केलेल्या उत्सर्जनाचे प्रमाणपत्र, विकत घेऊन विमानाची भरपाई करू, असा तिसरा मार्ग सुचवला जातो. परंतु केवळ अशा भरपाईच्या बळावर उत्पादन ‘कार्बन न्यूट्रल’ असल्याचा दावा करण्यास युरोपीय संघात २७ सप्टेंबर २०२६ पासून मनाई लागू होते. त्यापेक्षा दर खेपेला फॉरवर्डरकडे, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या मध्यस्थाकडे, दोन्ही मार्गांचे दरपत्रक मागतानाच, आयएसओ १४०८३ या वाहतूक-उत्सर्जन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे काढलेला खेपेचा उत्सर्जनाचा आकडाही लेखी मागून घ्यावा.