नेताना तिघं लागले, आणताना दोघांनी आणली

जुनी लाकडी पेटी नवी करून घ्यायला घरातून गेली तेव्हा तिला तीन माणसं लागली होती. जिन्याच्या वळणावर तिघांनीही थांबून दम खाल्ला. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा दोघांनी ती सहज उचलून आणली आणि भिंतीशी ठेवली. मी दारातच उभी होते. जुन्या पॉलिशचं ओझं उतरलं असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. पॉलिशचं वजन असून असून किती असणार, हा प्रश्न मला पडायला आणखी दोन महिने जावे लागले.

घरात जुनी लाकडी पेटी असेल आणि ती कुणाकडून नवी करून घ्यायचा विचार असेल, तर माझं काय झालं ते आधी वाचा.

पेटी आजीची. सागवानी, लाखेचं पॉलिश काळवंडलेलं, कोपऱ्यांना पितळी पत्रे, पुढे पितळी कडी-कोयंडा. बाजूच्या फळ्या कोपऱ्यात एकमेकींत बोटं गुंतवावीत तशा बसवलेल्या. सुतार त्याला डव्हटेल म्हणतात. सगळे सांधे हातानं कापलेले, त्यामुळे एक जाड तर दुसरा बारीक. तळाला तीन रुंद फळ्या. मला फक्त तिचा काळपटपणा घालवायचा होता.

कारागीर मला त्याच्या फोटोंवरून सापडला. 'आधी' आणि 'नंतर' अशा जोड्या होत्या आणि प्रत्येक 'नंतर' पाहून हात लावावासा वाटत होता. आज तेच फोटो पाहताना दिसतं, की मधला एकही फोटो नाही. जुना थर उतरवल्यावरची उघडी पेटी कुठेच नाही. तळाचा फोटो नाही, झाकणाच्या आतला नाही, सांध्याचा जवळून घेतलेला तर नाहीच. सगळ्या पेट्या समोरून, चार पावलांवरून.

घरी आला तेव्हा माणूस फार गोड बोलला. पेटीवर टकटक केली, वाकून पाहिलं, नखानं खरवडलं. मग लोखंडी खिळ्यांभोवतीच्या काळ्या डागांवर बोट ठेवून म्हणाला, "ताई, लाकूड आतून कुजायला लागलंय. याला पॉलिश धरणार नाही. डाग वर येतील. त्यापेक्षा पांढरा चॉक पेंट मारू, हल्ली सगळे तेच करतात." झाकणाच्या कडेची दोन-चार बारीक भोकं दाखवून वर म्हणाला, "आणि कीड आहे. औषध मारावं लागेल, त्याचे वेगळे."

मी मान डोलावली. कुजलेलं लाकूड कसं असतं हे मला कुठे माहीत होतं?

आता माहीत आहे. सागवानासारख्या लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, त्याला लोखंड लागलं आणि थोडा ओलावा मिळाला की तिथे निळसर काळा डाग पडतो. तो कूज नव्हे. कूज असेल तर टोचणी किंवा बारीक स्क्रू-ड्रायव्हर टोचला की लाकूड दबतं, ठिसूळ लागतं. माझ्या पेटीत टोचणी शिरतही नव्हती. हा डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं बराचसा निघतो. मात्र ते विषारी असतं, हातमोजे घालूनच वापरायचं आणि नंतर लाकूड स्वच्छ पाण्यानं पुसून नीट वाळू द्यायचं. आणि ती भोकं? कीड जिवंत असेल तर भोकाच्या कडा आतून ताज्या लाकडासारख्या फिकट दिसतात आणि खाली पिठासारखी भुकटी पडते. माझी भोकं आतून काळी होती. कदाचित ती जुन्या बारीक खिळ्यांचीच असावीत. शंका असेल तर पेटीखाली काळा कागद पसरून काही आठवडे थांबायचं. भुकटी पडली तर कीड आहे. या परीक्षेला काही खर्च नाही, पण घाई करणारा माणूस ती करू देत नाही.

त्या पांढऱ्या रंगाबद्दलही सांगते, कारण सगळी मेख तिथेच होती. पॉलिश पारदर्शक असतं. खाली लाकूड कोणतं, जोड कुठे, पुट्टी कुठे भरली, सगळं त्यातून दिसतं. रंगाखाली काहीच दिसत नाही. जुन्या पेट्या रंगवू नयेत असं माझं म्हणणं नाही, कित्येक छान दिसतात. पण रंगाची सूचना आपल्याकडून न येता कारागिराकडून येते आणि तो ती रेटत राहतो, तेव्हा त्याला काय झाकायचं आहे, हे मी विचारायला हवं होतं.

अर्धे पैसे आगाऊ दिले. कागदावर त्यानं लिहून दिलं: 'लाकडी पेटी, रंगकाम, कीड-औषध.' बस. कड्या-कोयंडे जुनेच राहतील का, फळ्या बदलणार का, प्रायमर कुठला, काही नाही. मीही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी फोन केला, "उघडी पेटी बघायला येऊ का?" तर म्हणाला, "ताई, पहिला हात मारून झाला. आता येऊ नका, धूळ बसेल." तीन दिवसांत जुनं पॉलिश उतरवून, घासून, वाळवून पहिला हातसुद्धा! मी कौतुक केलं. तो म्हणाला, "मशीनवर काढतो ना."

मशीन कसलं? ती कॉस्टिक सोड्याची टाकी होती. पण ते पुढे कळलं.

पेटी आली ती दिसायला देखणीच होती, खोटं कशाला बोलू. दुधी पांढरा रंग, चमचमते कोपरे. मी उरलेले पैसे त्याच संध्याकाळी दिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पेटी दाखवली. आतून मात्र तेलरंगाचा उग्र वास यायचा. "दोन दिवसांत जाईल," असं तो म्हणाला होता. दोन आठवडे गेले, वास होता तिथेच. मी झाकण लावून ठेवायचे, हवा लागायची नाही, रंग पुरता कडक व्हायचा नाही, वासही जायचा नाही. एकदा झाकण उघडायला गेले तर ते काठाला चिकटलेलं. जोर लावल्यावर चर्र आवाज करत सुटलं आणि काठावरचा रंग झाकणाला लागून वर आला. बंद राहणाऱ्या पेटीच्या आत तेलरंग किंवा तेलाचं पॉलिश देतच नाहीत, हे मला नंतर समजलं. आत लाखेचा पातळ हात देतात, नाहीतर लाकूड कोरंच ठेवतात.

मग बाहेरून पिवळट-तपकिरी डाग उमटायला लागले, आधी सांध्यांशी, मग मधोमध. मी फडक्यानं पुसून पाहिले. जाईनात. हा लाकडातल्या टॅनिनचा रंग. पाण्यात कालवलेला पांढरा रंग थेट लाकडावर मारला की पाणी तो रंग वर ओढून आणतं. तो अडवायला आधी लाखेचा सीलर किंवा डाग रोखणारा प्रायमर द्यावा लागतो. माझ्या पेटीला प्रायमर दिसलाही नव्हता.

एक दिवस कोपऱ्याजवळ रंगाला बारीक फोड दिसला. मी नखानं सहज टोकरला. फोडाखालचा रंग सुटला, मी ओढत गेले आणि सापाची कात निघावी तसा वीतभर रुंद पापुद्रा हातात आला. खालचं लाकूड सागवानाच्या रंगाचं नव्हतंच. काळपट तांबूस, वर केसाळ झालेलं, बोट फिरवलं तर लवेसारखं लागणारं. सांध्याच्या फटीत पांढरा खार साचलेला. मी ते पाहत तशीच खाली बसले.

मला पहिली शंका तिथे आली. दुसरी आली ती फ्रिजच्या दारावरच्या चुंबकामुळे. कोपऱ्याच्या 'पितळी' पत्र्याला तो टेकवला आणि टकदिशी चिकटला. चुंबक पितळेला चिकटत नाही. चारही कोपरे, कडी, कोयंडा, बिजागऱ्या, सगळं लोखंडी निघालं, वर पिवळा मुलामा. माझे जुने पितळी पत्रे कुठे गेले असतील, ते मी सांगायला नको.

मग मी आईला बोलावलं. तिनं पेटीत हात घालून तळावर टिचकी मारली आणि माझ्याकडे पाहिलं. आवाज पोकळ होता. पेटी कलती करून खाली टॉर्च मारला तर तळाला फळ्या नव्हत्याच. ६ मिलिमीटरचा प्लायवुड, आणि तो पेलायला खालून ठोकलेल्या कसल्याशा हलक्या लाकडाच्या दोन पट्ट्या. त्या पट्ट्यांखाली फरशीवर पिठासारख्या भुकटीच्या दोन रांगा. तिघांचं वजन दोघांवर का आलं, ते तेव्हा कळलं.

आणि कीड? तिच्याबद्दल मला अजूनही हसू येतं, म्हणजे रडू येत नाही म्हणून. आमच्या ओळखीतले एक वयस्क सुतारकाका पेटी बघायला आले. त्यांनी पट्टीवरचं एक भोक दाखवलं, दीड-दोन मिलिमीटरचं, आतून फिकट. म्हणाले, "हा किडा कच्च्या लाकडाचा. पिष्ट असतं ना त्या लाकडात, ते खातो. सागाच्या पक्क्या गाभ्यात त्याला काही मिळत नाही. तुमच्या पेटीत कीड नव्हती. ती या पट्ट्यांबरोबर आली." म्हणजे नसलेली कीड मारायचे पैसे घेतले आणि पैसे घेऊन कीड घरी पाठवली.

काकांनी आणखी एक गोष्ट करून दाखवली. झाकणाच्या बिजागरीखाली जुन्या पॉलिशचा टिकलीएवढा तुकडा राहून गेला होता. कापसाला स्पिरिट लावून त्यांनी तिथे दाबलं. थोड्या वेळात ते चिकट झालं आणि कापूस तांबूस झाला. "लाख आहे. अख्खी पेटी स्पिरिटनं धुऊन निघाली असती. मग २२० नंबरचा घासायचा पेपर हलका फिरवायचा आणि लाखेचे चार पातळ हात. झालं काम." कापूस माझ्या हातात देऊन ते पेटीभोवती फिरत राहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत. हीच परीक्षा मी पहिल्या दिवशी, झाकणाच्या आत न दिसणाऱ्या जागी करू शकले असते. स्पिरिटनं विरघळलं तर लाख. स्पिरिटनं तसंच राहिलं आणि थिनरनं विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी नाही, तर व्हार्निश किंवा पॉलियुरेथेनसारखं काहीतरी.

कॉस्टिकचं त्यांनी असं सांगितलं. टाकीत बुडवलं की थर झटपट उतरतो, मजुरी वाचते. पण लाकूड काळवंडतं, तंतू उभे राहतात, जुना सरस विरघळून सांधे ढिले होतात. माझ्या पेटीचा एक कोपरा हलवला तर खरंच कुरकुरत होता. आणि सोडा आत मुरतो. नीट धुऊन, सौम्य आम्लानं मारून, कित्येक दिवस वाळवला नाही तर वरच्या तेलरंगाचा चक्क साबण होतो. आतला रंग सांध्यांशी का बुळबुळीत होता, त्याचं उत्तर हे. साबण करायची कृतीच आहे ती, तेल आणि कॉस्टिक.

जाता जाता एक सांगते, माझ्याशी त्याचा संबंध नाही. तुमची पेटी आधीच कधीकाळी रंगवलेली असेल तर तो रंग घरात कोरडा घासू नका, घासूही देऊ नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. अमेरिकेनं घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आणली, बऱ्याच ठिकाणी त्यानंतरही ते चालू होतं. ती धूळ लहान मुलांना सगळ्यात वाईट.

कारागिराला फोन केला. आधी म्हणाला, हवा दमट आहे. मग म्हणाला, "ताई, तुम्ही ओल्या फडक्यानं पुसलंत का?" पुसलं होतं ना, डाग दिसले म्हणून! "बघा, मग आम्ही काय करणार." तळाचं विचारलं तर, "तळ कुजला होता, चांगला घालून दिला, उलट पैसे नाही घेतले." जुन्या फळ्या परत मागितल्या. "त्या जाळल्या." पितळाचं विचारेपर्यंत फोन कटला, त्यानंतर लागलाच नाही. माझ्याकडे ती चिठ्ठी होती, 'लाकडी पेटी, रंगकाम.' तेवढं त्यानं केलंच होतं की. पेटीचा आधीचा फोटो होता तोही समोरून, चार पावलांवरून. तळाचा नाही, कड्यांचा जवळून नाही. त्याच्या सोयीचा फोटो मीच काढून ठेवला होता.

आता पेटी काकांकडे आहे. पट्ट्या आणि प्लायवुड काढून टाकलं, रंग खरवडून झाला, सांधे पुन्हा चिकटवताहेत. या वेळी पेटी न्यायच्या आधी आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक बाजूचा, तळाचा आणि प्रत्येक कडीचा फोटो काढला, आणि काय बदलणार, काय नाही, ते कागदावर उतरवून दोघांनी सह्या केल्या. पैसे तीन टप्प्यांत, मधला टप्पा उघडी पेटी मी डोळ्यांनी पाहिल्यावर. हे काकांनाच आधी सुचलं. मला वाटलं होतं, त्यांना अपमान वाटेल.

त्या माणसाच्या फोटोंत माझी पेटी अजून आहे. 'नंतर'मध्ये ती फार सुंदर दिसते.