डेलावेअरची एलएलसी की कॅलिफोर्नियाची?
सॅन होजेतलं भाड्याचं घर कुठल्या राज्याच्या एलएलसीत (मालकाची जबाबदारी मर्यादित ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीत) ठेवावं, असं मावसभाऊ विचारत होता. कॅलिफोर्निया दरवर्षी किमान ८०० डॉलर फ्रँचाइज कर (राज्यात कंपनी ठेवल्याबद्दलचा कर) घेतं, वर्षभर भाडेकरू मिळाला नाही तरी. एकूण उत्पन्न २,५०,००० डॉलर झालं की वर वेगळी फी. डेलावेअरचा वार्षिक कर ३०० डॉलर. स्वस्त वाटतं ना? पण घर कॅलिफोर्नियात आहे, त्यामुळे तिथेही नोंदणी करून ते ८०० भरावेच लागतात. झाले ११००! कागदपत्रंही दोन राज्यांची. डेलावेअरची मुदत १ जून, कॅलिफोर्नियाची साधारणपणे १५ एप्रिल.

एकच घर असेल तर कॅलिफोर्नियाचीच एलएलसी काढ, असं मी त्याला ठामपणे सांगितलं. अनेक राज्यांत घरं आणि बरेच भागीदार असतील, त्यांनी डेलावेअरचा विचार करावा. तिथे भागीदारांना आपसातला करार बराच हवा तसा बांधता येतो.