पामुक्कलेचं प्लुटोनियन: पांढऱ्या पायऱ्यांपलीकडचं पाताळाचं दार

तुर्कस्तानातल्या पामुक्कलेला बहुतेक जण चुनखडीच्या पांढऱ्या पायऱ्यांवर फोटो काढतात, वरच्या गरम कुंडात डुंबतात आणि परत फिरतात. वरच्याच प्राचीन हिएरापोलिस नगरीत, अपोलोच्या देवळाशेजारी, ग्रीक-रोमन पुराणांतला पाताळाचा राजा प्लुटो याचं स्थान, म्हणजेच प्लुटोनियन, आहे. ते चुकवलंत तर निम्मं पामुक्कले राहिलं.

जागा लहान आहे. बसायला दगडी पायऱ्या, खाली मोकळा चौक, भिंतीत एक बुटकं दार. प्लुटो आणि कोरे, म्हणजे त्याची राणी पर्सेफोनी, यांच्या नावांचा शिलालेख इथेच सापडला. इटालियन पुरातत्त्व पथकाने २०१३ मध्ये हा शोध जाहीर केला. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने दोन हजार वर्षांपूर्वी इथे चिमण्या सोडून पाहिल्या होत्या. त्या जागच्या जागी मेल्या. आत नेलेले बैलही मरत, पुजारी मात्र जिवंत बाहेर येत.

भूगर्भातल्या भेगेतून इथे कार्बन डायऑक्साइड सतत वर येतो. हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो जमिनीलगत तळ्यासारखा साचतो. रात्री थर दाट होतो, पहाटे सर्वांत घातक असतो. ऊन-वारा लागला की पांगतो. बैलाचं नाक खाली, उभ्या पुजाऱ्याचं डोकं वर, शिवाय श्वास रोखलेला. प्लुटोच्या देवळाखालच्या गुहेत या वायूचं प्रमाण ९१ टक्क्यांपर्यंत मोजलं गेलंय. म्हणून कठड्यापलीकडे वाकू नका, मुलांचा हात सोडू नका आणि काही खाली पडलं तर ते आणायला उतरू नका. वायूला रंग-वास नाही, धोका आधी कळत नाही.

‘नरकाचं दार’ हे जाहिरातीतलं नाव मात्र पटत नाही. प्लुटो म्हणजे सैतान नव्हे. त्याचं नावच ग्रीकमधल्या ‘संपत्ती’च्या शब्दावरून आलंय: जमिनीत पुरलेलं बी आणि धातू त्याचेच. गरम पाणी आणि मारणारा वायू, दोन्ही एकाच भेगेची देणगी आहे, आणि इथे उभं राहिलं की या देवाला लोक भीत आणि भजत का, ते नीट कळतं.

फक्त हेच बघायचं असेल तर दक्षिण दारातून या, चाल कमी पडते. उत्तर दारातून आलात तर वाटेत हजारावर थडग्यांची दफनभूमी लागते. वेळ असेल तर तोच रस्ता धरा. गावाकडून पांढऱ्या पायऱ्या चढून येणाऱ्यांना चपला-बूट काढावे लागतात. ते ठेवायला पिशवी घ्या, वर खडबडीत दगडांवर लागतातच. सावली जवळपास नाही, टोपी आणि पाणी न विसरता सोबत ठेवा.