टस्कनीत ग्रुपसाठी व्हिला घेताय? पैसे पाठवण्याआधी गेटवरचा कोड मागा

दहा-बारा जणांचा ग्रुप इटलीतल्या टस्कनीला निघाला की हॉटेलपेक्षा शेतावरचा व्हिला स्वस्त पडतो. सहा खोल्या, स्वयंपाकघर, भोवती द्राक्षमळे, आणि सिएना, पिएन्झा, मोन्तेपुल्चानो ही डोंगरमाथ्यावरची जुनी गावं गाडीने जवळ. हे गणित भामट्यांनाही येतं. बारा जणांची वर्गणी एकाच खात्यात येते, बुकिंग एकजण करतो आणि बाकीचे फक्त 'झालं का?' विचारतात.

प्रकार साधारण असा घडतो. माहितीतल्या बुकिंग साइटवर व्हिला दिसतो. फोटो खरे असतात, पण दुसऱ्याच घराचे. चौकशी केली की 'मालका'चं उत्तर तासाभरात येतं. तुमच्या तारखा नेमक्या मोकळ्या असतात. लगेच तो व्हॉट्सॲपवर बोलावतो, कारण साइटचं कमिशन वाचलं तर १५ टक्के सूट देता येईल. मग करारपत्र येतं, विश्वास बसावा म्हणून पासपोर्टची प्रत येते (तीही चोरलेली), आणि साइटसारखंच दिसणारं पेमेंटचं पान येतं. तिथे कार्ड 'सध्या चालत नाही'. निम्मं भाडं आणि परत मिळणारी अनामत, दोन्ही बँकेतून एकदम पाठवा म्हणतात. पैसे पोचले की कधी कधी वर 'स्थानिक करा'ची मागणी येते. खरा कर, म्हणजे माणशी दर रात्रीचा पर्यटक कर, सहसा मुक्कामी पोचल्यावर द्यायचा असतो.

तारखांवरूनही अंदाज येतो. द्राक्षतोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात असते, आणि त्या दिवसांत चांगले व्हिले बहुधा शनिवार ते शनिवार असेच देतात. ऐन सप्टेंबरात तीन रात्रींसाठी, तेही निम्म्या भाड्यात कुणी देत असेल तर तिथेच थांबा.

सगळ्यात उपयोगी तपासणी फुकट आहे. इटलीत १ जानेवारी २०२५ पासून पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक जागेला राष्ट्रीय ओळख कोड बंधनकारक आहे. तो जाहिरातीत छापावा लागतो आणि इमारतीबाहेरही लावावा लागतो. कोडची सुरुवात 'आय-टी' या अक्षरांनी होते. पुढचे सहा आकडे त्या गावाचे, आणि त्यातले पहिले तीन प्रांताचे: सिएना ०५२, फ्लॉरेन्स ०४८, अरेझ्झो ०५१, पिसा ०५०. सान जिमिन्यानो, मोन्ताल्चिनो, मोन्तेपुल्चानो हे सगळं सिएना प्रांतात येतं, पण वोल्तेरा पिसात आणि कोर्तोना अरेझ्झोत. मोन्तेपुल्चानोच्या व्हिल्याच्या कोडातले आकडे ०४८ने सुरू होत असतील तर तो उचललेला आहे. अर्थात खरा कोडही दुसऱ्याच्या जाहिरातीतून चोरता येतो. म्हणून व्हिडिओ कॉल लावून गेटवरची पाटी दाखवायला सांगा. भामट्याला ते जमत नाही. त्याचं नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं.

खाते क्रमांकही बघा. इटालियन आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) 'आय-टी'ने सुरू होतो आणि २७ अक्षरांचा असतो. काही प्रामाणिक मालक जर्मनीत किंवा इंग्लंडात राहतात, त्यामुळे परदेशी खातं हा एकट्याने पुरावा नाही. पण परदेशी खातं, साइटबाहेरचा व्यवहार आणि घाई हे तिन्ही एकत्र आले तर दुसरं घर शोधा. पैसे साइटवरूनच, क्रेडिट कार्डाने भरा, म्हणजे वाद झाल्यास चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत रक्कम परत, मागता येतो. बँकेत ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) भरून पाठवलेल्या रकमेला तो मार्ग नाही.

खोट्या पत्त्याचा फटका व्हिसालाही बसू शकतो. अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो आणि दूतावास तो पडताळू शकतो. नकार आला तर प्रौढ व्यक्तीमागे ९० युरो शुल्क परत मिळत नाही. बारा जणांचे १,०८० युरो इथेच गेले.

'मालक' ड्रायव्हर आणि वाइन टेस्टिंगही गळ्यात मारतो. साध्या परवान्यावर ड्रायव्हर धरून नऊजणांचीच गाडी चालवता येते, आणि पैसे घेऊन पर्यटक न्यायचे तर चालकासह भाड्याच्या गाडीचा वेगळा परवाना लागतो. त्याची प्रत आधी मागा. टेस्टिंगमध्ये किती वाइन, कोणत्या आणि खायला काय, हे लेखी घ्या. ब्रुनेल्लो, म्हणजे मोन्ताल्चिनोची प्रसिद्ध लाल वाइन, द्राक्षतोडणीनंतरच्या पाचव्या वर्षीच्या १ जानेवारीआधी विकताच येत नाही, म्हणजे २०२०ची बाटली २०२५च्या आधी नाही. त्याहून कोवळी 'ब्रुनेल्लो' कुणी ओतली तर ती ब्रुनेल्लो नव्हे.

पैसे गेलेच तर पहिले काही तास मोलाचे. बँकेला त्याच दिवशी लेखी कळवून स्विफ्ट (परदेशी बँकेकडचा) व्यवहार मागे घेण्याची विनंती पाठवायला लावा. समोरच्या खात्यातून रक्कम उचलली गेली नसेल तरच ती परत येण्याची आशा असते. लगोलग १९३० वर फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. चॅट डिलीट करू नका, ई-मेल मूळ रूपात ठेवा, जाहिरातीचे स्क्रीनशॉट तारखेसह काढा आणि साइटलाही कळवा. तिथे पोचल्यावर उघडकीला आलं तर काराबिनिएरी (इटलीतलं एक पोलीस दल) ठाण्यात रीतसर तक्रार नोंदवा आणि शिक्क्याची प्रत घ्या. विमा कंपनीकडे दावा करायचा असेल तर ती लागते.