स्पोर्ट इव्होल्यूशन घ्यावी की इव्हो टू?

माझा एक मित्र मूळचा चिंचवडचा, गेली १८ वर्षं जर्मनीत. घराचं कर्ज फिटलं, मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली, आणि इतकी वर्षं जपून ठेवलेले पैसे आता त्याला एका गाडीत घालायचे आहेत. यादी गाळत गाळत दोन नावं उरली आहेत: बीएमडब्ल्यू एम३ स्पोर्ट इव्होल्यूशन आणि मर्सिडीज-बेंझ १९० ई २.५-१६ इव्होल्यूशन टू. दोन्ही १९९० च्या आसपासच्या, दोन्ही चार सिलिंडरच्या, दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. पहिलीच्या ६०० बनल्या, दुसरीच्या ५०२. आज दोन्हींसाठी लाख युरोंच्या पुढेच बोलावं लागतं, त्यामुळे चुकीची गाडी घेणं त्याला परवडणारं नाही. हे त्याच्यासाठी लिहिलंय, आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठीही.

एक गोष्ट आधीच सांगतो. निवृत्तीनंतर गाडी पुण्याला नेऊ, असं मनात असेल तर तो विचार तूर्त सोडा. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. या दोन्ही गाड्या फक्त डाव्या स्टिअरिंगच्या निघाल्या. जिथे राहता तिथेच चालवायची गाडी, असं धरून पुढे वाचा.

या गाड्या मुळात ग्राहकांसाठी जन्मलेल्याच नाहीत. ‘ग्रुप ए’ या शर्यतींच्या वर्गाच्या नियमांनुसार जी गाडी शर्यतीत उतरवायची ती १२ महिन्यांत ५००० तरी बनवून विकावी लागे. एकदा ती मान्य झाली की सुधारित आवृत्तीसाठी आणखी ५०० गाड्या पुरत. मागचा पंख, म्हणजे स्पॉयलर, मोठा करायचाय? ५०० गाड्यांना मोठा पंख लावून विका. चाकांवरच्या कमानी रुंद करायच्यात? ५०० गाड्यांच्या कमानी रुंद करा. जर्मन टूरिंग कार शर्यतींत, म्हणजे डीटीएममध्ये, म्युनिकची बीएमडब्ल्यू आणि स्टुटगार्टची मर्सिडीज एकमेकांना हरवायला अशाच गाड्या काढत राहिले. म्हणून यातला कोणताही भाग पाहिला की विचारायचं, हा रस्त्यासाठी आहे की ट्रॅकसाठी? निवड करताना हाच प्रश्न सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

इंजिनापासून सुरुवात करू, कारण खरी मजा तिथे आहे. बीएमडब्ल्यूचे प्रमुख एबरहार्ड फॉन क्यूनहाइम यांनी कंपनीचे इंजिन अभियंते पॉल रोशे यांना थ्री सिरीजसाठी एक दमदार इंजिन करायला सांगितलं. रोशे यांनी एम१ गाडीच्या सहा सिलिंडरी इंजिनाचा हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, घेतला, त्यातले दोन सिलिंडर कापून टाकले, मागे उघड्या पडलेल्या तोंडावर पत्रा बसवला आणि तो हेड जुन्या चार सिलिंडरी ब्लॉकवर चढवला. दोन आठवड्यांत इंजिन उभं राहिलं. तो ब्लॉक तर असा, की त्याच घराण्याच्या टर्बो इंजिनावर नेल्सन पिके १९८३ साली फॉर्म्युला वनचा विजेता झाला होता. १९८६ च्या पहिल्या एम३ मध्ये हे इंजिन २३०२ सीसीचं आणि २०० पीएसचं (पीएस म्हणजे जर्मन अश्वशक्ती) होतं. १९८८ च्या इव्होल्यूशनमध्ये २२० पीएस झाले. स्पोर्ट इव्होल्यूशनसाठी बोअर (सिलिंडरचा व्यास) ९५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ८७ मिमी केला, क्षमता २४६७ सीसी झाली आणि ताकद २३८ पीएस.

मर्सिडीजची कथा वेगळी. त्यांना १९० घेऊन रॅलीत उतरायचं होतं, म्हणून १६ व्हॉल्व्हचा हेड इंग्लंडच्या कॉसवर्थकडून करून घेतला. तेवढ्यात ऑडीची चारही चाकं ओढणारी क्वात्रो रॅलीत आली आणि रॅलीचा बेत बारगळला. मग मोर्चा ट्रॅककडे वळला. ऑगस्ट १९८३ मध्ये इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर १९० ई २.३-१६ ने ५०,००० किमी धावून ताशी जवळजवळ २४८ किमीची सरासरी राखली. १२ मे १९८४ ला नवा न्यूरबुर्गरिंग सुरू झाला तेव्हा नामांकित चालकांना याच गाड्या देऊन एक शर्यत लावली होती. समोर निकी लाउडा आणि आलां प्रोस्टसारखी माणसं असताना ती जिंकली तेव्हाच्या नवख्या आयर्टन सेनाने. मर्सिडीजवाले ही गोष्ट आजही अभिमानाने सांगतात, आणि सांगावीच.

आता आकडे नीट पाहा. मर्सिडीजच्या साध्या २.५-१६ मध्ये बोअर ९५.५ आणि स्ट्रोक ८७.२ मिमी, म्हणजे जवळपास स्पोर्ट इव्होल्यूशनचंच माप. इव्होल्यूशन गाड्यांमध्ये मात्र मर्सिडीजने बोअर ९७.३ पर्यंत वाढवला आणि स्ट्रोक ८२.८ पर्यंत कमी केला. क्षमता २४६३ सीसी राहिली. कारण सरळ आहे, स्ट्रोक लहान असला की पिस्टनचा प्रवास कमी होतो आणि इंजिन जास्त आरपीएम सोसतं. शर्यतीच्या गाडीत याच इंजिनातून सुमारे ३७० पीएस काढले जात. रस्त्यावरच्या गाडीत त्याचे २३५ पीएस मिळतात, तेही ७२०० आरपीएमला, आणि २४५ न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, ५००० च्या पुढे. बीएमडब्ल्यूचा २४० न्यूटन-मीटर टॉर्क ४७५० लाच हाती येतो. कागदावर फरक किरकोळ वाटेल, पण गावातून बाहेर पडताना, तिसऱ्या गिअरमध्ये ट्रक ओलांडताना तो पायाला कळतो. म्हणजे लहान स्ट्रोक ही ट्रॅकची सोय होती आणि तिची किंमत रस्त्यावरच्या मालकाने मोजली.

त्यात वजनाचा हिशेब मिळवा. एम३ सुमारे १२०० किलो, इव्हो टू सुमारे १३४०. टनामागे १९८ पीएस विरुद्ध १७५. कंपनीच्या आकड्यांनुसार ० ते १०० किमी एम३ ६.५ सेकंदांत गाठते, मर्सिडीज ७.१ मध्ये. सर्वाधिक वेग २४८ आणि २५०, तिथे बरोबरी.

बीएमडब्ल्यूने वजन कसं वाचवलं हे पाहताना मला दरवेळी आनंद होतो. मागच्या आणि बाजूच्या काचा पातळ केल्या. पेट्रोलची टाकी ७० ऐवजी ६२ लिटरची बसवली. धुक्यातले दिवे काढून त्या भोकांतून ब्रेकना हवा दिली. पुढची पट्टी आणि मागचा पंख तीन स्थितींत हलवता येतात. रंग दोनच, लाल किंवा काळा, आणि दोन्हींत सीटबेल्ट लाल. गाडी साध्या थ्री सिरीजसारखी दिसते, पण बॉनेट, छप्पर आणि दरवाजे सोडले तर बाहेरचा क्वचितच एखादा पत्रा तिच्याशी जुळतो. मागची काचसुद्धा वेगळ्या उताराची आहे, पंखापर्यंत हवा नीट पोचावी म्हणून.

इव्हो टू मात्र लपूच शकत नाही. मार्च १९९० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात, गंभीर चारदरवाजी गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या मंचावर, हा एवढा उंच पंख असलेली गाडी उभी होती. तो पंख शोभेचा नव्हता. स्टुटगार्ट विद्यापीठाचे प्राध्यापक रिचर्ड एपलर यांनी त्याच्या हवारचनेवर काम केलं होतं, आणि एवढा पसारा असूनही हवेचा रोध गुणांक ०.२९ इतका कमी होता. मागच्या काचेच्या वरची छोटी पट्टी हवा खाली वळवते, म्हणजे मोठ्या पंखाला स्वच्छ हवा मिळते. १७ इंची चाकं, २४५ चे टायर, आणि डॅशबोर्डवरच्या बटणाने कमी-जास्त होणारी गाडीची उंची. ५०० गाड्या निळसर काळ्या, शेवटच्या दोन रुपेरी. गिअरच्या मुठीवर गाडीचा क्रमांक.

शर्यतीतला हिशेबही सांगायला हवा, कारण विकणारा तो हमखास सांगणार. डीटीएमचं विजेतेपद एम३ ला १९८७ मध्ये एरिक फान डे पूलने आणि १९८९ मध्ये रोबेर्तो रावाल्याने मिळवून दिलं, पण स्पोर्ट इव्होल्यूशन आल्यानंतरची दोन वर्षं ऑडीने नेली आणि १९९२ साली क्लाउस लुडविग इव्हो टू घेऊन विजेता झाला. त्या वर्षी पहिले तिन्ही क्रमांक मर्सिडीजचे होते. त्यामुळे ‘हीच डीटीएम जिंकलेली गाडी’ हे वाक्य इव्हो टूच्या तोंडीच शोभतं. बदल्यात एम३ ने १९९०, १९९१ आणि १९९२ ला न्यूरबुर्गरिंगची २४ तासांची शर्यत जिंकली, आणि मला त्याचं मोल जास्त वाटतं.

आता रोजच्या व्यवहाराचं. दोन्हींत पहिला गिअर डावीकडे खाली असतो, आठवडाभरात हात बसतो. एम३ ला दोन दरवाजे, मर्सिडीजला चार. आईवडील तीन महिन्यांसाठी येतात आणि त्यांना मागे बसवून फिरवायचंय, अशा घरात हा फरक मोठा आहे. खर्चाच्या बाजूने मर्सिडीजची मला धास्ती वाटते. तिचं उंची बदलणारं हायड्रॉलिक सस्पेन्शन, त्याचा पंप, दाबाचे गोळे, नळ्या, हे सगळं पस्तिशी गाठलेलं आहे. पेट्रोल देणारी बॉशची केई-जेट्रॉनिक प्रणाली बरीचशी यांत्रिक आहे आणि ती नीट लावणारे हात आता कमी उरलेत. एम३ मध्ये साध्या स्प्रिंगा आणि त्याच बॉशची इलेक्ट्रॉनिक मोट्रॉनिक. व्हॉल्व्हचं अंतर दोन्हींत चकत्या बदलून मिळवावं लागतं आणि टायमिंग चेनचा आवाज दोन्हींत कान देऊन ऐकावा लागतो.

नकली मालापासून मात्र एम३ मध्ये जास्त जपा. एम३ एकूण सुमारे १८ हजार बनल्या. साध्या एम३ ला पट्टी, पंख आणि लाल बेल्ट लावून स्पोर्ट इव्होल्यूशन म्हणून विकणं अवघड नाही. चासी क्रमांक कंपनीकडून पडताळून घ्या आणि काचा खरंच पातळ आहेत का पाहा. मर्सिडीजला पंख चिकटवलेल्या १९० पुष्कळ आहेत, पण चाकांच्या कमानी, सस्पेन्शनचं बटण आणि इंजिन एकत्र जमवणं सोपं नाही.

नव्या असतानाही मर्सिडीजच महाग होती, १,१५,२५९.७० मार्क. आजही साधारण तेच, तितक्याच चांगल्या अवस्थेतली इव्हो टू वरचढ भाव घेते.

माझ्या मित्राला मी स्पोर्ट इव्होल्यूशन घ्यायला सांगितलंय. त्याला दर रविवारी सकाळी गाडी बाहेर काढायची आहे, आणि त्या गाडीतला जवळजवळ प्रत्येक बदल रस्त्यावर चालवणाऱ्याच्याही कामाचा आहे. गाडी महिन्यातून एकदाच निघणार असेल, जवळ हायड्रॉलिकची जाण असलेला कारागीर असेल आणि मागे माणसं बसणार असतील, तर इव्हो टू घ्या. १९९५ साली पिंपरीत जी ई-क्लास बनायला लागली ती या १९० चीच थोरली बहीण. ती रस्त्यावर पाहत वाढलेल्या आमच्या पिढीला त्या गाडीची ओढ का वाटते, हे मला पुरतं समजतं.

दोन्ही गाड्या ३० वर्षांच्या पुढे गेल्याने जर्मनीत एच-नंबर, म्हणजे ऐतिहासिक गाड्यांची नंबरप्लेट, मिळू शकतो, मग वर्षाचा कर १९१ युरोंच्या आसपास बसतो. पाहायला जाल तेव्हा विकणाऱ्याला इंजिन आधी गरम करून ठेवू नका म्हणून सांगा. बॉनेटवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री करा, आणि मगच किल्ली मागा.