चिंगीचा व्हिडिओ अजून त्यांच्या जाहिरातीत फिरतोय

आमची कुत्री चिंगी बारा वर्षांची आहे, वजन २८ किलो. मागच्या दोन्ही खुब्यांत संधिवात आहे, एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसणारा. आमच्या डॉक्टरबाईंनी सूज आणि दुखणं कमी करणारी रोजची गोळी सुरू केली होती आणि दर काही महिन्यांनी यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी करायला सांगितलं होतं. सगळं नीट चाललं होतं. सकाळी ती स्वतःहून उठून दारापर्यंत यायची.

पण त्या रक्ततपासणीच्या उल्लेखानेच माझ्या मनात भीती बसली. गोळीने मूत्रपिंडं गेली तर? रात्री मोबाइलवर हेच शोधत बसायचे. मग सीबीडी, म्हणजे भांगेच्या झाडातला नशा न चढवणारा एक घटक, त्याच्या तेलाच्या जाहिराती दिसू लागल्या. म्हाताऱ्या कुत्र्यांचं सांधेदुखीवरचं नैसर्गिक तेल, दुष्परिणाम शून्य. खाली नंबर. मी फोन केला.

पलीकडचा माणूस स्वतःला जनावरांचा डॉक्टर म्हणवत होता. आवाज इतका आपुलकीचा, की मी दहा मिनिटांत चिंगीची सगळी कहाणी सांगून मोकळी झाले. तो म्हणाला, "ताई, पहिलं काम करा, त्या गोळ्या बंद करा. त्या चालू असताना तेलाचा गुण येत नाही." तिचं वजन किती, हे त्याने विचारलंच नाही. तिला दुसरी कुठली औषधं चालू आहेत, हेही नाही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. कुठलाही जनावरांचा डॉक्टर वजन विचारल्याशिवाय डोस सांगत नाही, आणि समोर जनावर न पाहता चालू औषध तर मुळीच बंद करत नाही.

मी तीन बाटल्यांची ऑर्डर दिली. त्यात दर महिन्याला आपोआप पैसे कापले जाण्याची अट बारीक अक्षरांत होती, ती नंतर कळली. बाटलीसोबत प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला, शिक्का-सहीसकट. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तो पाहून बरं वाटलं.

दहा-बारा दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. "ताई, आधीचा आणि नंतरचा असे दोन व्हिडिओ पाठवा, पुढच्या बाटलीवर सवलत देतो." मी म्हटलं, आधीचा तर काढलाच नाही. तर म्हणाला, "हरकत नाही, आधीचा उद्या सकाळी ती झोपेतून उठल्याउठल्या काढा. नंतरचा जरा फिरवून आणल्यावर काढा." मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी दोन्ही काढले आणि पाठवले. खरं सांगते, मलाही फरक दिसत होता. ती बरी व्हावी असं इतकं वाटत होतं, की तिने शेपटी हलवली तरी मी ते तेलाच्या खात्यावर मांडत होते. मालकाच्या डोळ्यांचं हे असं होतं म्हणूनच कुत्र्यांच्या औषधांच्या चांगल्या अभ्यासांत काहींना खरं औषध आणि काहींना औषध नसलेलं नुसतं तेल देतात, आणि कुणाला काय दिलंय ते मालकाला सांगत नाहीत.

पाचव्या आठवड्यापासून चिंगी पायऱ्यांकडे बघून मागे फिरू लागली. सातव्यात तिने खोली बदलली, आमच्यापासून लांब कोपऱ्यात झोपायला लागली. नवव्यात मी तिला अंगणातून उचलायला गेले तर ती माझ्यावर गुरगुरली. बारा वर्षांत पहिल्यांदा. गुरगुरून लगेच माझा हात चाटला. त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी आधी टेप घेऊन तिच्या मागच्या मांड्यांचा घेर मोजला आणि जुन्या नोंदीशी ताडून पाहिला. दोन्ही मांड्या बारीक झाल्या होत्या. दुखतंय म्हणून ती मागच्या पायांवर भार देत नव्हती आणि स्नायू गळत चालले होते. मग मी पर्समधून बाटली काढली. त्या रागावल्या नाहीत, पण कागद ओढून हिशोब मांडायला बसल्या.

बाटली ३० मिलिलिटरची, वर लिहिलेलं ५०० मिलिग्रॅम. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण १७. मला सांगितलेला डोस अर्धा ड्रॉपर, म्हणजे अर्धा मिलिलिटर, दोन वेळा, म्हणजे एका वेळेला ८ मिलिग्रॅमच्या आसपास. कॉर्नेल विद्यापीठाच्या ज्या अभ्यासात संधिवाताच्या कुत्र्यांचं दुखणं कमी झालेलं दिसलं, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात डोस होता दर किलोला २ मिलिग्रॅम, बारा तासांनी एकदा. २८ किलोच्या चिंगीला तो ५६ मिलिग्रॅम होतो. त्या हिशोबाने आख्खी बाटली साडेचार दिवसांत संपली असती. माझी महिनाभर पुरत होती. म्हणजे लेबलावरचा आकडा खरा धरला, तरी तिला लागणाऱ्याचा सातवा हिस्सा मिळत होता.

"आणि आकडा खरा आहे हे कशावरून?" असं म्हणून त्यांनी बाटली उलटी करून दाखवली. पुढे मोठ्या अक्षरांत ५०० होतं, पण मागे घटकांत सीबीडी हा शब्दच नव्हता. लिहिलं होतं भांगेच्या बियांचं तेल. बियांत सीबीडी जवळजवळ नसतंच, ते असतं फुलांत आणि पानांत. बियांचं तेल खाण्याचं तेल म्हणून चांगलं आहे, पण ते सीबीडी नव्हे. रिपोर्टवरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा बॅच नंबरही वेगळे निघाले. मी घरी आल्यावर रिपोर्टवर नाव असलेल्या प्रयोगशाळेला विचारलं. त्यांनी त्या क्रमांकाचा रिपोर्ट कधी दिलाच नव्हता.

खरं सीबीडी मिळालं असतं तर काय झालं असतं, हेही मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी आशा दाखवली नाही आणि झिडकारलंही नाही. कॉर्नेलचे निकाल चांगले होते, पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात त्याहून थोड्या जास्त डोसलाही नुसत्या तेलापेक्षा वेगळा गुण दिसला नाही. दोन्हीकडे काही कुत्र्यांच्या रक्तात यकृताची एन्झाइम्स (यकृतावरच्या ताणाची खूण) वाढली. म्हणजे ज्या रक्ततपासणीला घाबरून मी इकडे वळले, ती इथेही चुकली नसतीच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जनावरांसाठी सीबीडीच्या एकाही उत्पादनाला मंजुरी दिलेली नाही. २०१७ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या माणसांच्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा लेबलाशी जुळणारं प्रमाण फक्त ३१ टक्क्यांत निघालं आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. टीएचसी म्हणजे नशा चढवणारा घटक. तो जास्त गेला तर कुत्रं झोकांड्या खातं, थेंब थेंब लघवी गळते, तोंडासमोर नुसता हात हलवला तरी दचकतं. असं दिसलं तर वाट बघू नका, बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. माणसांसाठीच्या गोड चवीच्या तेलात साखरेऐवजी वापरलं जाणारं झायलिटॉल असू शकतं, तेही कुत्र्यासाठी विष आहे.

पैशांचं लांबण लावत नाही. फोडलेली बाटली परत घेत नाही म्हणाले, नंतर फोन उचलणंच बंद. बँकेला कळवून कार्ड बंद केलं तेव्हा दरमहाची वसुली थांबली. रीतसर तक्रारही केली आहे.

चिंगीची गोळी पुन्हा सुरू झाली, आधी रक्त तपासून. सगळं ठीक निघालं. मूत्रपिंडंही. वजन कमी करतोय, घसरू नये म्हणून फरशीवर चटया टाकल्यात, दिवसातून तीनदा थोडं थोडं चालवतो. गेल्या आठवड्यात ती कोपरा सोडून परत माझ्या पलंगाशेजारी आली. मांड्या अजून भरलेल्या नाहीत.

मध्यंतरी एका मैत्रिणीने मला एक जाहिरात पाठवली, तिच्या कुत्र्यासाठी हे तेल घ्यावं का म्हणून. त्यात चिंगी होती. डावीकडे "आधी", उजवीकडे "बारा दिवसांनी". डावीकडे ती ताठरलेल्या पायांनी कशीबशी उठतेय, उजवीकडे पायरी चढतेय. काढून टाका म्हणून मी त्यांना चार वेळा लिहिलं, अजून काढलेलं नाही. संधिवाताचं कुत्रं झोपेतून उठल्यावर आखडलेलं असतं आणि थोडं चाललं की मोकळं होतं. त्या दोन व्हिडिओंमध्ये बारा दिवसांचं अंतर नाही. दोन्ही एकाच सकाळचे आहेत, मधे मी तिला फक्त फिरवून आणलं होतं.