परभणीतला आमचा फॅमिली डॉक्टरचा दवाखाना, तीन वर्षांचा अनुभव

रिव्ह्यू लिहू का म्हणून विचारलं तर डॉक्टर म्हणले लिहा, पण माझं नाव टाकू नका, जाहिरात होते. म्हणून नाव नाही टाकलं. बाकी सगळं जसं आहे तसं सांगते.

दारातच पाटी आहे, फी १५० रुपये, सात दिवसाच्या आत परत दाखवलं तर पैसे नाही. खाली डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर. आत बाकड्यांच्या वर भिंतीवर मोठा फलक, चांगल्या ठळक मराठीत, एका बाजूला पेशंटचे हक्क अन् दुसऱ्या बाजूला पेशंटच्या जबाबदाऱ्या. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमापासून नर्सिंग होमवाल्यांना हक्कांची सनद अन् दरपत्रक लावावंच लागतं, पण ह्यांचा तर नुसता ओपीडीचा दवाखाना, भरती करायला एक कॉट नाही, तरी लावलाय. अन् ज्या म्हाताऱ्या माणसाला वाचता येत नाही त्याला कंपाउंडर भाऊ वाचून दाखवतात, हे मी स्वतः बघितलंय.

आता आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूचं सांगते, कारण मी हे लिहायलेय ते त्यांच्यामुळंच. शुगर अन् बीपी दोन्ही. आधी जिथं जायचो तिथं केबिनमधी एकदम चार चार पेशंट उभे, एकजण सांगायलाय अन् तिघं ऐकायलेत, बाईमाणसानं काय सांगायचं अशात. बीपी काही केल्या १७० च्या खाली येत नव्हता, गोळी बदलली, डोस वाढवला, मीठ कमी केलं, काहीच नाही. इकडं आल्यावर तिसऱ्या वेळेला डॉक्टर मला म्हणले, ताई तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा, सिस्टर आहेत आत. मला खरं सांगते जरा वाईटच वाटलं, एवढं सगळं मी करते अन् मलाच बाहेर काढलं.

दहा मिनिटांनी आत बोलावलं. डॉक्टरांनी आधी आत्याबाईंना विचारलं, सूनबाईला सांगू का? त्यांनी मान हलवली मगच सांगितलं. गुडघ्यासाठी मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणून त्या दीड वर्षापासून रोज दोन टाइम खात होत्या, शेजारच्या पोराकडून मागवायच्या, अन् आमचे हे एकदा ओरडले होते म्हणून घरात कोणालाच पत्ता नाही. ह्या गोळ्या जास्त दिवस खाल्ल्या की बीपी वाढतो अन् किडनीवर लोड येतो हे मला तवा कळलं. क्रिएटिनिन तपासलं, म्हणजे किडनी कशी चाललीय ते रक्तातून बघतात, ते थोडं वाढलेलंच निघालं. गोळ्या बंद केल्या, गुडघ्याला व्यायाम अन् लावायचा मलम दिला, दोन महिन्यात बीपी १४० वर आला, बीपीची गोळी तीच.

फलकावर एका बाजूला लिहिलंय की तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय कोणाला सांगणार नाही, अन् समोरच्याच बाजूला लिहिलंय की चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, जडीबुटी, चूर्ण सगळं खरं सांगा. मला वाटतं पहिलं पाळलं तरच दुसरं होतं. माझ्यासमोर त्यांनी ते कधीच सांगितलं नसतं.

चिठ्ठी मोठ्या अक्षरात असते अन् औषधाचं मूळ नाव लिहिलेलं, ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन असं, त्यामुळं जनऔषधीतून घेता येतं, आमचा महिन्याचा खर्च बराच कमी झाला.

अजून एक गोष्ट. माझ्या भावाचं ऑपरेशन दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात झालं, नाव लिहीत नाही, तिथं फाईलची झेरॉक्स मागितली तर आठ दिवस उद्या या उद्या या. ह्या डॉक्टरांना सहज बोलले तर म्हणले लेखी अर्ज द्या अन् पोच घ्या, मागितल्यापासून ७२ तासात कागद द्यावे लागतात, २००२ च्या डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे. अर्ज दिला, तिसऱ्या दिवशी सगळे कागद हातात. हे आधी माहीत असतं तर बिचाऱ्याचे एवढे हेलपाटे वाचले असते.

आता ज्यांना राग येतो त्या गोष्टी. सलाईन मागून मिळत नाही. आपल्याकडं अशक्तपणा म्हणलं की सलाईन लावा म्हणतात लोक, हे डॉक्टर सरळ नाही म्हणतात अन् कारण पण सांगतात, तोंडानं पाणी जातंय ना, मग साखर मिठाचं पाणी पाजा. ॲन्टिबायोटिक पण उगं देत नाहीत, अन् दिलं तर कोर्स अर्धा सोडल्यावर रागावतात. मागच्या तारखेचं मेडिकल सर्टिफिकेट मागितलं तर उठून जा म्हणतात. नंबर ओळखीवर पुढं जात नाही, नगरसेवकाचा माणूस असला तरी. पण पावसाळ्यात सोयाबीनच्या रानातून साप चावलेल्या एका पोराला आणलं तर सगळ्यांचे नंबर थांबवून आधी त्याला घेतलं, पाय हलू नये म्हणून फळी बांधली, १०८ ला फोन लावला अन् गाडी येईपर्यंत जवळून हलले नाहीत, बाहेर कोणी एक शब्द बोललं नाही.

एकदा मात्र एका पेशंटच्या नातेवाइकानं उशीर झाला म्हणून कंपाउंडर भाऊंच्या शर्टाला हात घातला. मला लई वाईट वाटलं. २०१० पासून आपल्याकडं कायदाच आहे, दवाखान्यातल्या माणसाला मारहाण केली तर तीन वर्षापर्यंत कैद अन् ५० हजारापर्यंत दंड, अन् कायदा नसता तरी जो माणूस आपल्याला औषध देतो त्याच्यावर हात कसा उचलायचा.

कमी काय, तर गर्दी. बाजाराच्या दिवशी मानवत, पाथरी, गंगाखेडकडून एसटीनं लोक येतात, दोन दोन तास बसावं लागतं, बाकडे कमी, मे महिन्यात तर आत भट्टी असते, एक कूलर बसवा असं मी दोनदा सांगितलंय. फोनवर नंबर लागत नाही. रात्री ९ नंतर डॉक्टर फोन उचलत नाहीत, तवा सिव्हिल गाठायचं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कूलर बसवल्यावर देईन. जाताना जुनी फाईल अन् घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा. आमच्या आत्याबाई आता दर महिन्याला सगळ्या पट्ट्या फडक्यात बांधून नेतात अन् डॉक्टरांनी विचारायच्या आधीच टेबलावर सोडून ठेवतात.